‘कॉम्प्युटरमध्ये जायचंय’ म्हणणाऱ्या मुलाशेजारी बसताना

नववी-दहावीच्या वर्गात ‘पुढे काय?’ असं विचारलं की निम्मे हात ‘कॉम्प्युटर’, ‘आयटी’ किंवा हल्ली ‘एआय’ म्हणत वर जातात. जरा खोदून विचारलं तर त्या शब्दामागून एक फिरती खुर्ची, एक लॅपटॉप आणि पुण्यातली काचेची इमारत निघते. त्या इमारतीत बसून माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमकं काय करतो, हे मुलाला माहीत नसतं. घरच्यांना नसतं. मलाही नव्हतं. मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी गणित-विज्ञान शिकवते. व्यवसाय मार्गदर्शनाचं काम ‘बाई, तुम्हीच बघा’ म्हणून माझ्याकडे आलं, तेव्हा व्यवसायांची माहिती देणाऱ्या सरकारी वेबसाइट्स मी पहिल्यांदा उघडल्या. ज्या शिक्षकांकडे हे काम नव्याने आलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. या वेबसाइट्सवरची सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे त्या माणसाच्या दिवसभराच्या कामांची यादी. पगाराचा आकडा त्याच पानावर असतो, ठळक असतो आणि डोळा आधी तिकडेच जातो. तो सगळ्यात शेवटी बघायचा.

कुठे काय मिळतं

अमेरिकेच्या श्रम खात्याची ‘ओ-नेट’ ही १९९८ साली सुरू झालेली वेबसाइट आहे. त्याआधी तिकडे व्यवसायांचा एक जाडजूड छापील कोश होता, त्याची जागा हिने घेतली. ९०० हून अधिक व्यवसायांची सविस्तर माहिती इथे फुकट मिळते, लॉगिनही लागत नाही. ती ती कामं करणाऱ्या माणसांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन आणि जाणकारांकडून तपासून ही माहिती गोळा केलेली असते, म्हणून ती ऐकीव वाटत नाही. पत्ता ओनेटऑनलाइन डॉट ओआरजी. हीच माहिती मुलांसाठी सोप्या इंग्रजीत हवी असेल तर ‘माय नेक्स्ट मूव्ह’ बघा.

आपल्याकडे ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५’ आहे. त्यात सुमारे ३६०० व्यवसायांना आठ आकडी क्रमांक दिलेत आणि प्रत्येकाचं थोडक्यात वर्णन आहे. केंद्राच्या श्रम मंत्रालयाचं ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हे पोर्टल २०१५ पासून चालू आहे. तिथे व्यवसायांची माहितीही आहे आणि प्रत्यक्ष नोकऱ्याही. ‘नॅशनल क्वालिफिकेशन्स रजिस्टर’वर मान्यता असलेले कौशल्य अभ्यासक्रम सापडतात. राज्याचं ‘महास्वयम’ हे नोकरी आणि कौशल्य प्रशिक्षणाचं पोर्टल आहेच.

नव्या माणसाने एवढ्या सगळ्यांत एकदम हात घालू नये. कामाची ओळख ओ-नेटवरून करून घ्यायची, वाट मात्र आपल्याकडच्या वेबसाइट्सवर शोधायची, एवढी विभागणी डोक्यात ठेवली की गोंधळ होत नाही. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा अमेरिकेतला टेस्टर आणि हिंजवडीतला टेस्टर दिवसभर जवळपास एकच काम करतात. पण तिथवर पोचायचे रस्ते, परीक्षा, फी आणि पगार या गोष्टी दोन्हीकडे पूर्ण वेगळ्या आहेत.

पहिली पायरी: वेबसाइट बंद ठेवून बोला

मुलाला थेट संगणकासमोर बसवलं की ते ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ टाइप करतं आणि मग दुसरं काही बघायलाच तयार होत नाही. म्हणून मी आधी आठवडाभर एका वहीत तीन गोष्टी लिहायला सांगते: कोणी न सांगता काय केलं, कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही, आणि लोक कोणत्या कामासाठी तुला हाक मारतात.

तिसऱ्या प्रश्नातून सोनं निघतं. गेल्या वर्षी द्राक्षबागायतदाराच्या घरातला एक मुलगा वहीत जेमतेम चार ओळी लिहून आला. ‘शेजारचे मोटारीच्या मोबाईल स्टार्टरसाठी बोलावतात,’ ही त्यातली एक. (शेतातली मोटार मोबाईलवरून चालू-बंद करायचा हा डबा, त्यात सिमकार्ड असतं.)

“उघडलास तू तो?”

“हो बाई. सगळे सिमकार्डाला नावं ठेवत होते. पण एक फेजच येत नव्हता, म्हणून स्टार्टर मोटार उचलत नव्हता.”

“मेन बंद केलं होतंस का?”

“बाबांनी केलं. मग उघडला.”

या मुलाने माझ्या कागदावर ‘आयटी’ लिहिलं होतं. का, तर तंत्रज्ञान म्हणजे आयटी एवढंच त्याच्या कानावर आलेलं. त्याच्या हातातलं इलेक्ट्रॉनिक्स त्याला करिअर वाटतच नव्हतं.

ज्यांना वहीत काहीच सुचत नाही त्यांच्यासाठी ओ-नेटची कल चाचणी आहे. तिच्या संक्षिप्त आवृत्तीत ६० छोटी वाक्यं आहेत, प्रत्येक कामापुढे ‘आवडेल की नाही’ एवढंच सांगायचं असतं. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी मांडलेल्या सहा प्रकारांवर ती बेतलेली आहे: हाताने करणं, शोध घेणं, निर्मिती, माणसांना मदत, व्यवहार-पुढाकार आणि नीटनेटकी नोंद-व्यवस्था. चाचणी मराठीत नाही, त्यामुळे मी वाक्यं मोठ्याने मराठीत सांगते. ‘स्वयंपाकघरातली कपाटं बनवणं’, ‘विटा किंवा फरश्या बसवणं’ ही वाक्यं तर जशीच्या तशी चालतात. दहावीच्या मुलांची कल चाचणी आपल्या राज्यातही २०१६ साली सुरू झाली होती, त्यामुळे पालकांना ‘कल’ हा शब्द नवा नाही. तरीही निकालाचा कागद मी घरी देत नाही. ‘चाचणीत आलंय’ म्हटलं की तो शिक्का होतो. वर्गात बोलण्याची सुरुवात करून देण्यापुरता त्याचा उपयोग.

दुसरी पायरी: दहा कामं मराठीत लिहून काढा

इथे घाई करू नका. पूर्ण तास द्या, दोन दिले तरी वाया जाणार नाहीत.

ओ-नेटच्या शोधचौकटीत व्यवसायाचं इंग्रजी नाव टाका. नाव माहीत नसेल तर कामच टाका, तरी जवळचे व्यवसाय येतात. प्रत्येकाला क्रमांक असतो. सॉफ्टवेअर डेव्हलपर १५-१२५२, सॉफ्टवेअर टेस्टर १५-१२५३, वेब डेव्हलपर १५-१२५४, माहिती सुरक्षा विश्लेषक १५-१२१२, इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ १७-३०२३. आकडे इंग्रजीत टाइप करा. पान उघडल्यावर सगळ्यात वर कामांची यादी असते. तिथेच थांबा.

त्यातली दहा वाक्यं निवडायची आणि मुलासोबत बसून आपल्या बोलीत लिहायची. भाषांतर तयार करून हातात देऊ नका. ‘याला आपण काय म्हणू?’ या शोधातच मुलाला काम कळतं. मोबाईल स्टार्टरवाल्या मुलासोबत आम्ही इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञाचं पान उघडलं होतं. वहीत उतरलेली त्यातली चार वाक्यं अशी:

— वायरिंगचा नकाशा वाचून कुठली तार कुठे जाते ते ओळखणं.
— मीटर लावून यंत्र तपासणं, आलेल्या आकड्यांवरून बिघाड ठरवणं.
— बिघडलेला भाग बदलणं, दुरुस्त करणं, पुन्हा चालवून बघणं.
— काय सापडलं आणि काय केलं ते लिहून ठेवणं.

चौथ्या वाक्याला त्याने तोंड वाकडं केलं. प्रत्येक वाक्यापुढे आम्ही तीनपैकी एक शब्द लिहितो: ‘आवडेल’, ‘चालेल’, ‘नको’. त्याने तिथे ‘नको’ लिहिलं. मी खोडायला लावलं नाही. पण एवढं सांगितलं, की तंत्रज्ञानातल्या जवळपास प्रत्येक पानावर नोंदी ठेवण्याचं काम आहेच. मग आम्ही आणखी तीन पानं उघडून खात्री केली. त्या दिवसापासून तो बिघाडाची वही ठेवतो. शेजाऱ्यांच्या कुठल्या मोटारीला काय झालं होतं, तारखेसकट.

याच पद्धतीने एका मुलीला टेस्टरचं काम सापडलं. माझ्या चाचणीच्या पेपरातल्या चुका ती दरवेळी शोधून आणायची, आणि इतर शिक्षक त्याला आगाऊपणा म्हणायचे. टेस्टरच्या यादीत लिहिलंय: प्रोग्रॅम कुठे चुकतो ते शोधणं, नेमकं काय केल्यावर चुकतो ते नोंदवणं, बनवणाऱ्याला कळवणं, तपासणीचा आराखडा आधीच तयार करणं. तिने दहापैकी आठ वाक्यांपुढे ‘आवडेल’ लिहिलं. या कामाचे पैसे मिळतात यावर तिचा विश्वास बसायला आठवडा लागला.

तिसरी पायरी: कुठे बसून, कुणाबरोबर, किती दडपणाखाली

त्याच पानावर खाली कामाच्या परिस्थितीचा भाग असतो. किती वेळ बसून काम, फोन-ईमेल किती, वेळेचं दडपण किती, उघड्यावर की आत. हा भाग सगळेच ओलांडून जातात. डेव्हलपरचं पान आणि दूरसंचार लाइन टाकणाऱ्याचं पान शेजारी शेजारी उघडून दाखवा. दोन्ही तंत्रज्ञानातलीच कामं. एकात दिवसभर बसून काम, दुसऱ्यात खांबावर चढणं आणि पाऊस-ऊन. ज्या मुलाला चार भिंतींत तासभर बसवत नाही, त्याच्यासाठी हा फरक गुणांपेक्षा मोठा आहे.

त्याच पानावर तंत्रज्ञानाची साधनंही दिलेली असतात. कंपन्यांच्या जाहिरातींत ज्यांचा उल्लेख वारंवार येतो त्यांच्यावर ‘हॉट टेक्नॉलॉजी’ची खूण असते. मुलं ही यादी बघून घाबरतात, काही लगेच क्लास शोधायला लागतात. दोन्ही थांबवा. यादीत पायथन, एसक्यूएल अशा संगणकाच्या भाषा असतात, आणि पुष्कळ व्यवसायांत साधं एक्सेलही. शाळेच्या प्रयोगशाळेत आज जे शिकता येईल तेवढं एक उचला. आम्ही पोषण आहाराच्या धान्याची नोंद एक्सेलमध्ये करायला दोन मुलींना दिली. सूत्र चुकलं की तांदूळ उणे येतो, आणि मग चूक शोधावी लागते. साधनाची ओळख अशीच होते.

चौथी पायरी: क्रमांकावरून शिडी बघा

आता आपल्या देशात या. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाचे पहिले चार आकडे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी जुळतात. त्यातला पहिला आकडा शिक्षणाची पातळी सांगतो, आणि मुलांना ही युक्ती फार आवडते. २ ने सुरू होणारा व्यवसाय म्हणजे साधारण पदवी, ३ म्हणजे तंत्रज्ञ, बहुधा पदविका, आणि ७ म्हणजे कारागिरी, जिथे आयटीआय कामी येतो.

स्टार्टरवाल्या मुलासाठी फळ्यावर तीन आकडे लिहिले. ७४२१: इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक. ३११४: इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकी तंत्रज्ञ. २१५२: इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. यंत्र एकच, उभं राहायच्या जागा तीन. संगणकातही तसंच: ३५१२ म्हणजे वापरणाऱ्यांना मदत करणारा तंत्रज्ञ, २५१२ म्हणजे सॉफ्टवेअर डेव्हलपर.

आणि ही शिडी आपल्याकडे खरोखर चढता येते. दहावीनंतर आयटीआयला दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेड. तो पास झाल्यावर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. दहावीनंतर सरळ पॉलिटेक्निकला गेलं तर पदविका तीन वर्षांची, आणि तिच्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. संगणकाकडे कल असेल तर आयटीआयचा एक वर्षाचा ‘कोपा’ (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) ट्रेड आहे. अकरावी-बारावी, सीईटी आणि मग इंजिनिअरिंग हा रस्ता सगळ्यांना माहीत असतो, म्हणून त्यावर मी कमीत कमी वेळ घालवते. ‘बारावी सायन्सला गणितात नापास झालो तर संपलं’ ही भीती मात्र बोलून काढावी लागते. शिडीला मधे पायऱ्या आहेत हे कागदावर दिसलं की ती बरीच उतरते.

एखादा क्लासवाला ‘सरकारमान्य डिप्लोमा’ म्हणत शाळेत पत्रकं वाटायला आला, तर नॅशनल क्वालिफिकेशन्स रजिस्टरवर त्या अभ्यासक्रमाचं नाव शोधा. तिथे पातळी, तास आणि प्रवेशाची अट लिहिलेली असते. सापडला नाही तर त्याच्याकडे मान्यतेचा कागद मागा. पालकांसमोर मागा.

काही कामांना कायद्याची अट असते, ती ओ-नेटवर कळणार नाही कारण कायदा तिकडचा. फवारणीचा ड्रोन बघून गावातली सगळी मुलं ड्रोन पायलट व्हायला निघालीत. आपल्याकडे त्यासाठी वय १८ पूर्ण हवं, दहावी पास हवी आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेतून प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं.

पाचवी पायरी: आता पगार, आणि मागणी

पहिल्या वर्षी माझ्या हातून मोठी चूक झाली. डेव्हलपरचा अमेरिकेतला वार्षिक पगार रुपयांत करून मी फळ्यावर लिहिला. आकडा ऐंशी लाखांच्या आसपास गेला. एका मुलाच्या वडिलांनी तो ऐकून पॉलिटेक्निकचा चांगला मिळालेला प्रवेश सोडला आणि कर्ज काढून मुलाला शहरातल्या महागड्या क्लासला घातलं. ते वर्ष मुलाला फार जड गेलं. डॉलर रुपयांत करून कधीही सांगू नका. तिकडचं घरभाडं, कर, औषधपाणी त्या आकड्यात दिसत नाही.

पगारासाठी नॅशनल करिअर सर्व्हिस आणि महास्वयमवर आपल्या जिल्ह्याच्या आणि पुणे-कोल्हापूरच्या जाहिराती बघा. दहा जाहिराती मुलांनाच वहीत उतरवायला सांगा: काय शिक्षण मागितलंय, काय येणं अपेक्षित आहे, सुरुवातीला किती देतात. केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर विद्यावेतनाचे आकडेही असतात.

अमेरिकेचं श्रम सांख्यिकी खातं आपल्या व्यवसायांच्या हँडबुकात पुढच्या दहा वर्षांतल्या मागणीचा अंदाज देतं. तो आपल्याला लागू करायचा नाही, पण त्यातली एक जोडी मी पालकसभेत आवर्जून दाखवते. ‘एआय आल्यावर या नोकऱ्या राहतील का, बाई?’ हा प्रश्न दरवेळी येतो. त्या हँडबुकात ‘कॉम्प्युटर प्रोग्रॅमर’ आणि ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर’ ही दोन वेगळी पानं आहेत. पहिल्याची संख्या घटेल असा अंदाज आहे, दुसऱ्याची सरासरीपेक्षा बरीच जास्त वाढेल असा. दोघांच्या कामांच्या याद्या शेजारी ठेवल्या की कारण दिसतं. प्रोग्रॅमरची यादी बरीचशी ‘दिलेलं लिहून काढणं, तपासणं, दुरुस्त करणं’ अशी आहे. डेव्हलपरच्या यादीत लोकांना काय हवंय ते समजून घेणं, आराखडा बांधणं, इतरांशी जुळवून घेणं हे जास्त आहे. म्हणून मुलाला ‘कोडिंग शिक’ एवढंच सांगून थांबू नये. किराणा दुकानदाराशी बोलून त्याची अडचण चार ओळींत लिहून आणायला सांगा. डेव्हलपरच्या कामाची पहिली ओळ तीच आहे.

सहावी पायरी: एक माणूस गाठा

वेबसाइट कितीही चांगली असली तरी मुलाने त्या कामातला एक माणूस बघितलाच पाहिजे, निदान फोनवर ऐकला पाहिजे. शाळेचे माजी विद्यार्थी शोधा. वीस मिनिटं मागा, कोणी नाही म्हणत नाही. मुलांकडून आधी एकच प्रश्न पाठ करून घ्या: ‘दादा, काल दिवसभर काय केलंत?’ ‘तुमचं काम काय’ विचारलं की पदाचं नाव मिळतं. ‘काल काय केलं’ विचारलं की दोन मीटिंग, एक न सापडणारी चूक आणि जेवायला झालेला उशीर कळतो. नंतर दहा वाक्यांची वही काढून खुणा पुन्हा तपासायच्या. बदलल्या तर बदलू द्या.

मुलीच्या घरी बोलायचं असेल तर शक्यतो त्या कामातल्या एखाद्या ताईला फोन लावा, आणि स्पीकरवर आईलाही बसवा. राहण्याची सोय, रात्रपाळी, घरून काम हे प्रश्न आई विचारते, आणि निर्णय बऱ्याचदा त्यांच्यावरच अडलेला असतो.

वेळापत्रक

नववीत वही आणि कामांच्या याद्या. दहावीत दिवाळीपर्यंत शिडी आणि जाहिराती. पालकसभा डिसेंबरमध्येच घ्या, जानेवारीनंतर कोणाचं लक्ष राहत नाही. प्रत्येक मुलाच्या पानावर बघितल्याची तारीख घाला, कारण ओ-नेटची माहिती वरचेवर बदलते आणि आपल्याकडच्या प्रवेशाच्या अटीही.

त्याच सभेत कागदपत्रांची यादी वाटा: जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. पॉलिटेक्निक आणि आयटीआयचे अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतात, आणि तेव्हा तहसीलला रांग लागलेली असते. स्टार्टरवाल्या मुलाच्या वडिलांना मी डिसेंबरातच तहसीलला पाठवलं. त्याच्या पानावर सध्या तीन आकडे आहेत, ७४२१ भोवती पेन्सिलीने गोल आहे, आणि २१५२ पुढे त्याच्याच अक्षरात प्रश्नचिन्ह.